आबांचा पाय दुखत नव्हता: आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
आरोग्य खात्यातले साहेब आणि मॅडम, मंत्रालयापासून उपकेंद्रापर्यंत ज्यांच्या टेबलावर हे पोचेल ते सगळे

नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालोय, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागं दोन गाळ्यांची लॅब आहे, रोजचं काम म्हणजे सीबीसी, शुगर, विडाल, पावसाळ्यात डेंग्यू, आणि रिपोर्टवर सह्या करायला पॅथॉलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून तीन दिवस येतात. त्यामुळं औषधोपचार शिकवायला मी बसलेलो नाही. पण मायसेटोमा नावाच्या एका आजाराबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं वाटतं, कारण तो आमच्या घरात नऊ वर्षं मुक्कामाला होता, माझ्या वडिलांच्या, आबांच्या, उजव्या पायात.

आबा सालगडी होते. एका उन्हाळ्यात मालकाच्या बांधावरची बाभळ तोडताना काटा चपलेतून आरपार गेला आणि टाचेच्या जरा पुढं आतच मोडला. आता खेड्यात काटा मोडणं ही काय बातमी असते का? आईनं दिव्याच्या उजेडात सुईनं उकरला, निम्मा निघाला, उरलेल्यावर रुईचा चीक लावला, दुसऱ्या दिवशी बिब्ब्याचा चटका दिला आणि तिसऱ्या दिवशी आबा औतावर. विषय संपला. वर्ष-दीड वर्षानं त्याच जागेला सुपारीएवढी गाठ आली, कडक, वरची कातडी चकाकणारी, आणि दुखायची अजिबात नाही, दाबली तरी नाही. आई म्हणायची एकदा दाखवून तर या. आबांचं उत्तर ठरलेलं, "दुखतच न्हाई तर डॉक्टरला काय सांगू, चांगला पाय बघा म्हनू का?"

साहेब, सगळी गोम ह्या उत्तरात आहे. दाढ दुखली तर माणूस रात्री बारा वाजता मेडिकलवाल्याला उठवतो, पण न दुखणाऱ्या पायासाठी रोजगार बुडवून तालुक्याला कोण जाणार?

पुढं गाठीला तोंड फुटलं, मग शेजारी दुसरं, मग घोट्याच्या खाली तिसरं. एक भोक बुजायचं तोवर दोन नवी. आज्जी म्हणायची, "पायात वारूळ झालंय रं." मला तेव्हा तो आज्जीचा अडाणीपणा वाटायचा. नंतर कळलं की जुन्या संस्कृत वैद्यकात ह्याला पादवल्मीकच म्हणायचे, वल्मीक म्हणजे वारूळ. म्हातारीनं बघूनच डायग्नोसिस केलं होतं म्हणायचं, आणि पुढची सात वर्षं आम्ही ज्यांना फी देत होतो त्यांना ते जमलं नाही.

त्या सात वर्षांत काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही, नावं तर कुणाचीच घेणार नाही, कारण दोष एकट्यादुकट्याचा नव्हता. कुणी गळू म्हणून चिरा दिला आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. कुणी शुगर असेल म्हणून रक्त काढलं, शुगर नव्हती. कुणी हत्तीपाय म्हणालं. गावातल्या म्हाताऱ्यांना नारू वाटला, भोकातून काहीतरी बाहेर येतंय म्हणजे नारूच, पण नारू देशातून २००० सालीच हद्दपार झालेला. एकानं तर कसलीही तपासणी न करता हाडाची टीबी ठरवून सहा महिने टीबीच्या गोळ्या खायला लावल्या, आबांची लघवी लाल व्हायची आणि पाय होता तसाच. पुवाची तपासणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा रिपोर्ट 'नो ग्रोथ', म्हणजे काहीच उगवलं नाही, किंवा कसलातरी साधा जंतू, हे का झालं ते पुढं सांगतो कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. शेवटी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाडं वाळवीनं खाल्ल्यासारखी दिसत होती, आणि डॉक्टर म्हणाले घोट्याच्या वरून कापावा लागेल. तारीखसुद्धा मिळाली. आबांनी मालकाकडनं उचल घेतली.

वाचले ते एका बँडेजमुळं. ऑपरेशनच्या आधी कातडीच्या ओपीडीला एकदा दाखवून आणा असं कुणीतरी चिठ्ठीवर लिहिलं म्हणून आम्ही एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं शिकाऊ डॉक्टर होत्या, वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. ब्रदरनं पायावरची आदल्या रात्रीची पट्टी सोडली आणि बादलीत टाकायला निघाला, तशा मॅडम ओरडल्या, थांबा, ती इकडं द्या. त्यांनी तो पुवानं वाळलेला गॉज ट्यूबलाइटखाली धरला, सुईच्या टोकानं चाळला, आणि काहीतरी उचलून माझ्यासमोर धरलं. पिवळट पांढरा दाणा, राजगिऱ्याएवढा. मग दुसरा, तिसरा. आबा म्हणाले, "ते तर रोजच निघतंय की, आम्हाला वाटलं वाळकी घाण." इतकी वर्षं रोज निघत होतं, आणि इतकी वर्षं आई ती फडकी चुलीत घालत होती.

तो दाणा सलाइनमध्ये धुतला, दोन काचांच्या मध्ये चिरडला, ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून रंग लावला, आणि मला मायक्रोस्कोपमधून बघू दिला. जांभळ्या रंगाच्या बारीक बारीक तंतूंचं जाळं, केसाहून कितीतरी बारीक. मॅडम म्हणाल्या ही बुरशी नाही, बॅक्टेरिया आहे, औषधानं जाईल, पाय कापायचा नाही. मी तेव्हा बारावीला गटांगळी खाऊन घरी बसलेलो होतो. ते जांभळं जाळं बघून मी डीएमएलटीला गेलो असं म्हटलं तर फिल्मी वाटेल, पण खरं आहे.

तर हाच तो मायसेटोमा. पुस्तकात मदुरा फूट असंही लिहितात कारण १८४२ साली मदुराईच्या एका इंग्रज डॉक्टरनं तो पहिल्यांदा नोंदवला. पण त्याची खरी फोड आपल्याकडं झाली, हे आपल्याच डॉक्टर लोकांना माहीत नसतं. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा डॉक्टर, ज्यानं 'ग्रेज ॲनाटॉमी'ची चित्रं काढली तोच, १८५८ ला मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा, नंतर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मायसेटोमा हे नाव त्यानं दिलं, दाण्यांची चित्रं काढली, आणि १८७४ साली त्यावर अख्खं पुस्तक छापलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी साताऱ्यात बसलेल्या माणसाला जे माहीत होतं ते आमच्या तालुक्याला अजून पोचायचंय. एसटीनं आलं असतं तरी पोचलं असतं.

ओळखायला हा आजार अवघड नाही हो, हेच तर दुखणं आहे. तीन गोष्टी. न दुखणारी कडक सूज, तिच्यावर पू गळणारी भोकं, आणि त्या पुवात दाणे. बहुतेक वेळा पायाला होतो, पण हाताला होतो, आणि डोक्या-खांद्यावरून ओझी वाहणाऱ्यांना मानेला आणि पाठीलाही होतो. जंतू मातीत आणि काट्याकुट्यावर असतात, जखमेतून आत जातात आणि वर्षानुवर्षं सावकाश पसरत राहतात, आधी कातडीखाली आणि मग हाडात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या आबांचा तांब्या वेगळा ठेवायचे लोक, महारोग समजून. (आणि महारोग असता तरी तांब्या वेगळा ठेवायची गरज नव्हती, पण ते जाऊ द्या.)

दोन जाती आहेत आणि तिथंच सगळा खेळ आहे. एक बॅक्टेरियाची, तिला ॲक्टिनोमायसेटोमा म्हणतात, आणि एक बुरशीची, युमायसेटोमा. वरून दोन्ही पाय सारखेच दिसतात. पण बॅक्टेरियाची असली तर अँटिबायोटिकनं बरी होते, आणि बुरशीची असली तर बुरशीची औषधं वर्षभर किंवा त्याहून जास्त आणि बऱ्याचदा वर ऑपरेशनही, तरी परत उलटते. काळे दाणे दिसले तर बुरशी, हे जवळजवळ नक्की. लालसर असले तर बॅक्टेरिया. पांढरे-पिवळे असले तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, काचेखाली बघितल्याशिवाय सांगता येत नाही. जाड दोरे दिसले तर बुरशी, एकदम बारीक तंतू दिसले तर बॅक्टेरिया. ह्याला एमआरआय लागत नाही, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि ग्रॅम स्टेन लागतो, जो तुमच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये थुंकी तपासायच्या टेबलाशेजारी ठेवलेला असतो.

आता ते 'नो ग्रोथ'चं. आपल्याकडं पू म्हटलं की स्वॅब येतो. कापसाच्या काडीला दाणा चिकटून येईलच असं नाही, वरवरचा पू येतो, त्यात वरून बसलेला साधा जंतू वाढतो आणि आपण तोच रिपोर्ट करतो. आणि काही वाढलं नाही तर ४८ तासांनी जंतू वाढवायची प्लेट फेकून देतो. ह्या आजाराचे जंतू ४८ तासांत उगवत नाहीत, त्यांना दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. बी पेरून तिसऱ्या दिवशी रान नांगरून टाकायचं आणि म्हणायचं काहीच उगवलं नाही, असला प्रकार. दुसरी चूक सर्जन लोकांची, तुकडा काढतात आणि सगळाच्या सगळा फॉर्मालिनमध्ये टाकून पाठवतात. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कशाचं लावू? निम्मा फॉर्मालिनमध्ये आणि निम्मा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवा, एवढंच. दोन डब्या.

आणि मी ह्यातून सुटलेलो नाही. लॅब टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी एक बाई आल्या होत्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, वय पस्तीसच्या आसपास. डाव्या पायाचा पंजा पावासारखा फुगलेला, चिठ्ठीवर लिहिलेलं 'पस सीएस', म्हणजे पुवाचं कल्चर. गर्दी होती. माझ्या पोरानं स्पिरिटनं पाय स्वच्छ पुसला, स्वॅब घेतला, कापूस कचऱ्यात. संध्याकाळी झाडताना मला त्या कापसावर काळे ठिपके दिसले, मोहरीच्या चुऱ्यासारखे. ज्या माणसाच्या बापाचा पाय एका पट्टीमुळं वाचला त्याच्याच लॅबमध्ये! बाईंचा फोन लागेना, शेवटी त्यांच्या तांड्यावरच्या किराणा दुकानदाराकडून निरोप दिला, चार दिवसांनी आल्या. परत दाणे घेतले, चिरडले, तपकिरी जाड दोरे. बुरशी. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्ट लिहिला आणि आम्ही त्यांना संभाजीनगरला पाठवलं.

तिथं इट्राकोनॅझोल, हे बुरशीचं औषध, चालू झालं. बाई पाच महिने नेमानं गेल्या, लिव्हरची तपासणी महिन्याला माझ्याकडं करायच्या, सूज उतरत होती, दोन भोकं बुजली होती. मग दिवाळी आली, मुकादमाचा ट्रक आला. उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, बाई मागं राहिली तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. गेल्या. कारखान्याच्या फडावर, कोपीत, पाचटात, तोच पाय घेऊन. महिनाभराच्या कॅप्सूल नेल्या होत्या. तिकडच्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात विचारलं तर म्हणाले जिथं चालू केलंय तिथून घ्या. मेडिकलमध्ये भाव ऐकून परत फिरल्या. एप्रिलमध्ये आल्या तेव्हा भोकं सात होती, मी मोजली.

आता सांगा चूक कुणाची लिहू? बाईंनी औषध सोडलं असं कागदावर लिहिलं जातं. 'डिफॉल्टर'. टीबीच्या पेशंटला तुम्ही निक्षय आयडी, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, देता, तो माणूस बीडमधून सांगलीला गेला तरी त्याच्या गोळ्या तिकडं मिळतात, ट्रान्सफर होते, कुणीतरी फोन करतं. हे खात्यानं करून दाखवलंय, कौतुकच आहे. महारोगाच्या गोळ्या तर कित्येक वर्षं फुकट मिळताहेत, आशाताई घरी येऊन चट्टा बघतात, बधिर आहे का विचारतात. मायसेटोमा मात्र कुठल्याच राष्ट्रीय कार्यक्रमात नाही, ना रजिस्टर ना फॉर्म, आणि फॉर्म नाही म्हटल्यावर आकडा नाही, आकडा नाही म्हणून औषध मागवलं जात नाही, आणि औषध नाही म्हणून पेशंट येत नाही, आणि मग तुम्ही म्हणता हा आजार दुर्मिळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये मायसेटोमा दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला, पुढच्या वर्षी क्रोमोब्लास्टोमायकोसिस आणि बाकीच्या खोलवर जाणाऱ्या बुरशीही घातल्या. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की कातडीचे हे सगळे दुर्लक्षित आजार वेगवेगळे शोधू नका, एकाच फेरीत एकत्र शोधा. ह्यात भारतानं नवीन काही उभं करायची गरज नाही, महारोगाची फेरी आपल्याकडं आहेच की.

औषधांचं तर अजून विचित्र आहे. आबांना काय दिलं माहितीये? महिनाभर ॲडमिट करून जेंटामायसिनची इंजेक्शनं आणि जोडीला कोट्रिमोक्साझोलच्या गोळ्या, किडनीसाठी दर आठवड्याला क्रिएटिनीन आणि कान नीट ऐकू येतंय का ते बघायचं. मग घरी डॉक्सीसायक्लिन आणि कोट्रिमोक्साझोल, भोकं बुजली तरी पुढं कित्येक महिने. एकूण सव्वा वर्ष. ही तिन्ही औषधं तुमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, कपाटात आत्ता ह्या क्षणी पडलेली आहेत, काही तर एक्स्पायरीला आली असतील! ज्या पायासाठी मालकाकडून कापायची उचल घेतली होती तो पाय खोकल्या-जुलाबाच्या गोळ्यांनी वाचला. (कुणी हे वाचून स्वतःच्या मनानं गोळ्या चालू करू नका, इंजेक्शनानं किडनी जाते, आणि दाणा कुठला आहे ते बघितल्याशिवाय तर काहीच नको.) बुरशीच्या जातीचं औषध महाग आणि लांबलचक आहे, ते मान्य. आठवड्यातून एकदा घ्यायच्या एका नव्या गोळीचा अभ्यास सुदानमध्ये झाला, फोसरॅव्हुकोनॅझोल नाव, फडावर जाणाऱ्या माणसाला रोजच्यापेक्षा आठवड्याची गोळी किती सोपी पडेल विचार करा. पण ज्या खार्तुममध्ये ह्या आजाराचं जगातलं सगळ्यात नावाजलेलं सेंटर होतं ते तिथल्या युद्धात उद्ध्वस्त झालं. म्हणजे आपण दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत बसायचे दिवस गेले.

मायसेटोमावरच मी घोळतोय कारण तो माझ्या घरचा. पण शेतातल्या माणसाच्या कातडीवर बाकीचेही बसलेले आहेत. पायावर चामखिळीसारखं खडबडीत वाढत जातं, फुलकोबीसारखं, वर काळे बारीक ठिपके, ते वर सांगितलेलं क्रोमोब्लास्टोमायकोसिस, पश्चिम घाटाच्या ओल्या पट्ट्यात भेटतं, आणि लोक वर्षानुवर्षं चामखीळ म्हणून जाळत राहतात. हाताला काटा लागला आणि तिथून दंडापर्यंत ओळीनं गाठी चढत गेल्या तर स्पोरोट्रायकोसिस, हिमालयाच्या पायथ्याकडं जास्त आहे, त्याला पोटॅशियम आयोडाइडच्या थेंबांसारखं स्वस्त औषध चालतं. ह्यांचंही तेच, तुकडा काढून बघितल्याशिवाय कळत नाही आणि तुकडा काढायला पाठवत कुणी नाही.

आणि गजकर्ण. ह्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल इतका राग आहे. सोयाबीन काढणीला ओल्या कपड्यात दहा तास राबणाऱ्या बाईला कमरेला, मांडीला नायटा होतो, ती लाजेनं डॉक्टरला दाखवत नाही, नवऱ्याला सांगते, नवरा मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो खाजेची ट्यूब द्या. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. तीन दिवसांत खाज गायब, आठ दिवसांत परत, दुप्पट. सहा महिन्यांनी मांडीवर गाभण गाईच्या पोटावर असतात तशा पांढऱ्या रेघा आणि गजकर्ण बेंबीपर्यंत. २०१८ मध्ये सरकारनं असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आमच्या तालुक्यात कुणाला विचारून बघा हा नियम. आणि आता तर साध्या औषधाला दाद न देणारी बुरशीची नवीन जातच निघालीय, २०२० मध्ये तिचं नावसुद्धा आपल्या देशावरून ठेवलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. मेडिकलवाल्या मित्रांनो, तुमच्यातले चार जण माझ्यासोबत चहा पितात, राग मानू नका, पण ते कपाट जरा आवरा.

तर मागतोय काय मी? मोठं काही नाही. महारोगाच्या शोधमोहिमेत आशाताई चट्टा विचारतात तेव्हा एक वाक्य वाढवा, "चप्पल काढून दोन्ही पाय दाखवा, न दुखणारी गाठ किंवा गळणारं भोक आहे का?" त्यांच्या मानधनाच्या यादीत हे धरा, फुकट नको, आशाताईंवर आधीच पन्नास कामं आहेत. त्यांना फोटो दाखवा, मोबाइलवर, पुस्तकातले काळे-पांढरे नकोत, आपल्याकडच्या काळ्यासावळ्या कातडीवरचे, चिखलाच्या पायाचे.

पीएचसीच्या डॉक्टरांना सांगा की असा पाय दिसला तर चिरा देऊ नका आणि लगेच पुसूही नका. रात्री कोरडा निर्जंतुक गॉज बांधून सकाळी या म्हणून सांगा, सकाळी तो गॉज चिमट्यानं उघडून खिडकीशी धरा. दाणे दिसले तर बाटलीत सलाइन घालून त्यात पाठवा आणि फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा 'ग्रेन्स बघा'. ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या लॅबवाल्या भावांना-बहिणींना अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग द्या, अर्धा दिवस पुरतो, मी स्वतः दोघांना शिकवलंय. कल्चर मेडिकल कॉलेजला पाठवा पण सोबत लिहा की महिनाभर प्लेट फेकू नका.

आणि ऊसतोडीचं. कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागं पैसे जमा करायचं ठरलेलं आहे, मग फडावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आणि बाईच्या पायात जाड तळव्याचा बूट का नाही? तोडलेल्या उसाचे बुडखे भाल्यासारखे उभे असतात, त्यातून पहाटे चारला अंधारात स्लिपर घालून चालायचं. बूट दिले आणि कुणी घातले नाहीत असं सांगू नका, बायकांच्या मापाचे दिले का ते आधी सांगा. ज्यांचं औषध चालू आहे त्यांना निक्षयसारखं काहीतरी कार्ड द्या, की बीडची बाई सांगलीत, कोल्हापुरात, बेळगावच्या अलीकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते दाखवून पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेईल. आरोग्य योजनेतून ॲडमिट झाल्याचे पैसे मिळतात, पण ह्या आजाराचा खरा खर्च बाहेरच्या गोळ्यांचा आहे, महिनोन्‌महिने, आणि जायच्या-यायच्या एसटीचा, आणि बुडालेल्या रोजगाराचा.

आणि मोजा. एका जिल्ह्यात एक वर्ष मोजा. दहासुद्धा निघाले नाहीत तर मी माझे शब्द मागं घेतो.

ती ऊसतोडवाली बाई यंदा पण फडावर गेलीय. ह्यावेळी तीन महिन्यांच्या कॅप्सूल घेऊन, आम्ही चार जणांनी वर्गणी काढली, पण वर्गणीवर खातं चालत नाही हे मला कळतं. आबा आता नाहीत. गेले ते हार्टनं, दोन्ही पायांनिशी, आदल्या दिवशी म्हशीमागं ओढ्यापर्यंत चालून आले होते. उजव्या पायाला चप्पल एक नंबर मोठी लागायची, दोन जोड घ्यायला लागायचे, शेवटपर्यंत कुरकुर करायचे त्या एका जोडाच्या पैशावरून.

त्या मॅडमनी काचेखाली दाखवलेली आबांच्या दाण्याची स्लाइड त्यांच्याकडून मागून घेतलेली, ती माझ्याकडं अजून आहे, रुमालात गुंडाळून लॅबच्या ड्रॉवरमध्ये. शनिवारी दुपारनंतर लॅबला गर्दी नसते. तुमच्यापैकी कुणीही या, तालुका आरोग्य अधिकारी साहेब, मेडिकल ऑफिसर, आशाताई, कुणीही, मायक्रोस्कोप लावून दाखवतो. फक्त जरा लवकर या, स्टेन दरवर्षी फिका पडत चाललाय.

आपला,
एसटी स्टँडमागचा लॅबवाला